वाचकांचे प्रश्न : सूट घालायचा की सूट मागायची?

प्रश्न : आम्ही पाच जण पुण्यात जुनी हिंदी चित्रपटगीते आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील इंग्रजी रॉक वाजवतो. येत्या ३१ डिसेंबरला एका छावणीतील ऑफिसर्स मेसमध्ये आमचा कार्यक्रम ठरला आहे. पुरुष कलाकारांनी लाउंज सूट किंवा बंदगळा आणि चामड्याचे बूट घालावेत, जीन्स, टी-शर्ट व स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, असे त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. आमचा नेहमीचा वेश म्हणजे काळा टी-शर्ट आणि जीन्स. कोट घालून तीन तास ड्रम वाजवता येणार नाहीत, त्यापेक्षा प्रसंगाला शोभेल अशी लष्करी छापाची कार्गो पँट घालतो, असे आमचा ड्रमर म्हणतो. गिटारवादकाचे केस खांद्यापर्यंत आहेत. हा नियम कलाकारांनाही लागू असतो का, आणि त्यात काही सूट मागता येते का?
— एक कीबोर्डवादक, कोथरूड

उत्तर : नियम लागू असतो, आणि तो मंचापासून नव्हे, फाटकापासून लागू होतो. मेस हे भाड्याने मिळणारे सभागृह नव्हे. ते अधिकाऱ्यांचे सामाईक घर असते. अविवाहित अधिकारी तिथेच जेवतात-राहतात, भिंतींवर पलटणीच्या लढायांची चित्रे आणि कपाटांत जुनी चांदीची भांडी असतात, आणि संध्याकाळनंतर त्या घरात कोणत्या कपड्यांत वावरायचे, हे कमांडिंग ऑफिसरपासून नुकत्याच रुजू झालेल्या लेफ्टनंटपर्यंत सर्वांना सारखेच बांधून दिलेले असते. यजमान स्वतः गळाबंद कपड्यांत उभे असताना त्यांच्यापासून दहा फुटांवर वाजवणाऱ्याला वेगळा न्याय मिळण्याचे कारण नाही. पंचविशीत मलाही हा सगळा साहेबी थाट वाटत असे, आणि त्याचे मूळ ब्रिटिशांच्या मेसमध्ये आहे हे खरेही आहे. पण ज्या घरी सुपारी घेतली, त्या घरचा रिवाज पाळायचा, हे आपल्याकडच्या वाजंत्र्यांनाही कधी शिकवावे लागले नाही.

अशाच एका मेसमध्ये वाजवायला गेलो तेव्हाची आमची फजिती सांगतो. निमंत्रणातील पोशाखाची ओळ आम्ही वादकांपुरतीच वाचली होती. साउंडवाला मुलगा बर्मुडा आणि सँडल घालून केबल टाकायला आला, तेव्हा मेस हवालदाराने आवाज न चढवता त्याला पोर्चमध्येच थांबवले. मिक्सर आत आणि तो चालवणारा बाहेर, अशी स्थिती अर्धा तास होती. अखेर बासवादकाच्या गाडीत पडलेली एक ढगळ पँट त्याच्या कमरेला गिटारच्या पट्ट्याने आवळली आणि एका वेटरने आतून टाय आणून दिला, तेव्हा कुठे साउंडचेक सुरू झाला. तोपर्यंत हिरवळीवर पाहुणे जमू लागले होते आणि मॉनिटरची, म्हणजे वादकांसमोरच्या स्पीकरची, शिट्टी त्यांना ऐकवतच आम्ही ती बंद केली. तेव्हा पत्रातील नियम तुमच्या साउंडवाल्याला, सामान उचलणाऱ्याला आणि टेम्पोचालक आत येणार असेल तर त्यालाही आजच सांगा.

कोटात ड्रम वाजवता येतात, मात्र तो कोट लग्नातला नसावा. लग्नाचा कोट उभे राहून फोटो काढण्यासाठी शिवलेला असतो. हात पुढे नेला की पाठीत ओढतो आणि खांदे वर चढतात. शिंप्याला मुंढा वर घ्यायला, पाठीत थोडी ढील ठेवायला आणि अस्तर अर्धेच लावायला सांगा, कापड पातळ टेरीवूल घ्या, आणि मोजमाप देताना ड्रमरला खुर्चीवर बसवून दोन्ही हात झांजांच्या उंचीला धरायला लावा. बूटही आधी पायात रुळवा, कारण चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचा नवा बूट बास ड्रमच्या पेडलवरून सटकतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात उघड्या हिरवळीवर रात्री दहानंतर ड्रमर स्वतःच कोटाची बटणे लावील, हा भाग वेगळा.

सूट मागायचीच असेल, तर ती एवढीच मागा की, मुख्य पाहुणे जेवून उठल्यावर आणि नाच सुरू झाल्यावर ड्रमरला कोट काढून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय यांवर वाजवण्याची परवानगी असावी. ही मागणी मेस सेक्रेटरीकडे, म्हणजे मेसचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आधी आणि लेखी करावी; ऐन वेळी वेटरच्या कानात सांगू नये. उकाड्यापुढे खुद्द आरमारानेही पूर्वीच माघार घेतली आहे. तांबड्या समुद्रातील उष्म्याने हैराण झालेल्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाला कोट काढून ठेवला, पण कमरेचा पट्टा ठेवला, आणि तो वेश ‘रेड सी रिग’ या नावाने आजही नौदलाच्या मेसमध्ये दिसतो. गंमत अशी की, तो पट्टा ज्याला साहेब लोक ‘कमरबंड’ म्हणतात, तो शब्द त्यांनी आपल्याकडचा कमरबंदच उचलून नेलेला आहे.

लष्करी छापाची पँट मात्र मनातूनच काढून टाका. सैनिक नसताना, सैनिक भासावे या हेतूने त्यांच्यासारखा वेश करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुमच्या ड्रमरचा तसा हेतू नाही, हे मला समजते आणि न्यायालयालाही समजेल. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी गणवेशात आले होते, आणि त्यानंतर सैन्याने नागरिकांना असे कपडे वापरू नका व दुकानदारांना ते विकू नका, असे आवाहन केले होते. २०२२ च्या लष्कर दिनी दाखवलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची तर सैन्याने आपल्या नावावर नोंदणीच करून घेतली आहे. फाटकावरील जवानाला हे सारे ठाऊक असते. त्याला विनोद म्हणून ती पँट दाखवण्यात काही अर्थ नाही.

लांब केसांची चिंता करू नका. केसांचा लष्करी नियम तुम्हाला लागू नाही. ते विंचरून मागे नीट बांधले म्हणजे झाले. माझ्या अनुभवात एवढ्यावरून कोणी अडवलेले नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती पोशाखाइतकीच महत्त्वाची आहे. औपचारिक भोजनात राष्ट्रपतींच्या नावे ‘टोस्ट’ होतो, म्हणजे सर्व जण उभे राहून पेला उंचावतात, आणि त्या वेळी राष्ट्रगीताची पहिली व शेवटची ओळ असलेले, सुमारे २० सेकंदांचे संक्षिप्त रूप वाजवले जाते. गृह मंत्रालयाच्या आदेशांत मेसमधील टोस्टसाठी हेच रूप सांगितले आहे. ते वाजवणे सहसा लष्करी बँडचे काम असते. तुमचे काम एवढेच की, त्या २० सेकंदांत गिटारची खुंटी पिळायची नाही, पाण्याची बाटली उघडायची नाही, कोटाचे बटण लावून ताठ उभे राहायचे. इतक्या शांततेत गिटारची एक तार चुकून छेडली गेली, तरी ती शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाते.

प्रश्न : एका ‘कॅप्टनसाहेबां’चा फोन आला. युनिटच्या कार्यक्रमासाठी गायक हवा आहे, गणवेशातील फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवले, पोशाखाची यादीही पाठवली. आता आगाऊ रक्कम देण्यासाठी ‘लष्करी खात्याची पद्धत’ म्हणून मला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत आहेत. करू का?
— एक गायक, नाशिक रोड

उत्तर : करू नका. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो. खरे आमंत्रण मेस सेक्रेटरीच्या नावाने येते, त्यांना प्रत्यक्ष भेटता येते, आणि ते तुमच्याकडून पैशाऐवजी आधार कार्डांच्या प्रती, गाडीचा क्रमांक आणि वाद्यांची यादी मागतात. पोशाखाची यादी पाठवली म्हणून माणूस खरा ठरत नाही, ती कोणीही टंकून पाठवू शकतो. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. उशीर होईल तशी रक्कम रोखण्याची शक्यता कमी होत जाते.

प्रश्न : मी ट्रम्पेट वाजवतो. माझे आजोबा पॅरिशच्या (चर्चच्या) शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य स्वरवाचन, शिकले आणि पुढे ब्रिटिश पलटणीच्या बँडमध्ये होते, त्यामुळे मेस आमच्या घराला नवी नाही. नौदलाने मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिल्याचे वाचले. दाबोळीला नौदलाच्या मेसमध्ये वाजवताना मी टायऐवजी कुर्ता घालू शकतो का?
— एक वादक, वास्को

उत्तर : तुम्ही वाचले ते बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाने आपल्या मेसमध्ये आणि नौसैनिकांच्या इन्स्टिट्यूटमध्ये कुर्ता-पायजम्याला मुभा दिली, पण ती घरच्यांसाठी, म्हणजे नौदलाच्याच अधिकारी-नौसैनिकांसाठी, आहे आणि तिलाही मोजमाप आहे : कुर्ता एकरंगी व गुडघ्यापर्यंत, पायजमा अरुंद विजारीच्या घाटाचा, वर बिनबाह्यांचे जाकीट. म्हणजे सणाला घालतो तो सैल झब्बा यात बसत नाही. बाहेरून येणाऱ्या वादकांना ही मुभा द्यायची की नाही, हे त्या त्या मेसने ठरवायचे. त्यामुळे कुर्ता-जाकीट घालून एक उभा फोटो काढा, मेस सेक्रेटरींना पाठवा आणि त्यांचा होकार लेखी येऊ द्या. एक काळा टाय आणि पांढरा शर्ट तरीही ट्रम्पेटच्या पेटीजवळ असू द्या. म्यूटच्या (आवाज दाबणाऱ्या बुचाच्या) कप्प्यात टाय सहज मावतो, आणि गुंडाळून ठेवला तर त्याला चुणीही पडत नाही.