पुण्यात रिसेल फ्लॅट घेताना स्वतःचा वकील हवा का, आणि तो कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आंबेगाव बुद्रुकला १२ वर्षं जुना फ्लॅट ७० लाखांना घेताय, कर्जही काढणार आहात. एजंट म्हणतो आमचे वकील सगळं बघतील, बँक म्हणते आमचा वकील सर्च (मिळकतीच्या जुन्या दस्तांचा शोध) करतोच. मग वेगळा वकील कशाला, आणि करायचाच तर ‘स्थानिक’ म्हणजे नेमका कसा?

वेगळा करा, आणि टोकन देण्याआधी करा. विसार पावतीवर सही होऊन पैसे गेले की वकिलाने काढलेली प्रत्येक त्रुटी तुम्हालाच नकोशी वाटायला लागते आणि विक्रेता ‘पटत असेल तर घ्या’ म्हणायला मोकळा होतो. टोकन आधी द्यावंच लागलं तर रक्कम लहान ठेवा. पावतीत दोन ओळी हव्यात: टायटल (मालकी हक्क) सदोष निघालं किंवा त्या मिळकतीच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारलं, तर टोकन अमुक दिवसांत पूर्ण परत मिळेल. या दोन ओळी लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. तिचं कर्ज सुरक्षित राहतं का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बऱ्याचदा तुमच्या हातात येतही नाही. पॅनेलवरच्या वकिलाचा अभिप्राय चुकला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही, कटातला सहभाग दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं आहे. शिवाय पार्किंग कुणाच्या नावे आहे, सोसायटीत वाद आहे का, विक्रेत्याच्या बहिणीचा हिस्सा सुटला आहे का, यात तो सहसा खोलात जात नाही. एजंटच्या वकिलाची अडचण वेगळी. त्याला पुढचं कामही एजंटकडूनच मिळायचं असतं, आणि एजंटची दलाली व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असते. ‘थांबा, हे घेऊ नका’ हे वाक्य त्याने उच्चारावं अशी रचनाच नाही. तोच वकील विक्रेत्याचंही काम करत असेल तर सरळ नकार द्या. एका पक्षासाठी काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम घेऊ नये, हा बार कौन्सिलचा नियम आहे.

आता ‘स्थानिक’ म्हणजे काय. ऑफिस तुमच्या घराजवळ असणं महत्त्वाचं नाही. ज्या गावच्या जमिनीवर इमारत उभी आहे, त्या गावचं दप्तर त्याला माहीत हवं. पुण्यात दस्त ‘हवेली’ नावाच्या वीसहून अधिक दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंदवले जातात, आणि आंबेगावच्या मिळकतीचा दस्त त्यांपैकी कुठेही नोंदलेला असू शकतो. खरेदी एका हवेलीत, हक्कसोडपत्र दुसऱ्या, गहाणखत तिसऱ्या. एकाच कार्यालयात शोध घेऊन ‘बोजा नाही’ लिहिणारा अहवाल म्हणूनच अपुरा असतो. ऑनलाइन सर्चमध्ये साधारण २००२ नंतरचे दस्त दिसतात. त्याआधीची इंडेक्सची पुस्तकं हाताने चाळावी लागतात आणि त्यातली काही फाटलेली असतात. चांगला वकील कुठल्या वर्षाची पानं मिळाली नाहीत ते अहवालात लिहितो आणि ती पोकळी फेरफार (सातबाऱ्यावरच्या मालकीबदलाच्या) नोंदींवरून भरून काढतो. सर्च ३० वर्षांचा घेतात, कारण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षं आहे. इमारत १२ वर्षांची म्हणून सर्चही १२ वर्षांचाच, हे चालत नाही; तिच्या खालची जमीन जुनीच असते.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी बांधकाम परवानगीची वाटते. आंबेगाव बुद्रुक २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. इमारत त्याआधीची, म्हणजे मूळ परवानगी महापालिकेची नसणार. ती जिल्हाधिकारी कार्यालयाची असायला हवी, आणि बांधकामाचा शेवट २०१५ नंतर झाला असेल तर पुढचे कागद पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) असू शकतात. या पट्ट्यात केवळ ग्रामपंचायतीच्या कागदावर उभ्या राहिलेल्या इमारती कमी नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि वीजबिल दाखवून ‘सगळं अधिकृत आहे’ असं सांगितलं जातं. तो कर आकारणीचा उतारा आहे, बांधकामाची परवानगी नव्हे. महापालिकेची करपावतीही तशीच, कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. मंजूर नकाशा, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद तुमचा वकील पहिल्याच भेटीत मागत नसेल तर त्याला हा भाग माहीत नाही, असं समजा.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्याची. भोगवटादार वर्ग २, कूळकायदा कलम ४३, वतन जमीन, पुनर्वसनासाठी राखीव, नागरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या कलम २० खालची योजना, असे शेरे तिथे असतात. हा शेवटचा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, तरी कलम २० चे शेरे अनेक उताऱ्यांवर अजून आहेत आणि त्यांचा हिशेब लावावा लागतो. यातला प्रत्येक शेरा म्हणजे कधीतरी कुणाची तरी परवानगी लागली असणार आणि बहुधा नजराणाही (सरकारला द्यायची रक्कम) भरला गेला असणार. ती परवानगी कुठल्या आदेशाने मिळाली, त्या आदेशाची प्रत कुठे आहे, हे शोधणारा वकील हवा. प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात आणि दाव्यांचा शोध ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने घेता येतो. पण तहसीलदार आणि प्रांत यांच्यासमोरचे फेरफाराचे वाद दिवाणी न्यायालयाच्या यादीत येत नाहीत. ‘महसुली अपिलं बघता का?’ असं विचारा. उत्तरावरून बरंच कळतं.

तिसरा प्रश्न खास पुण्याचा: सोसायटी आहे की अपार्टमेंट? इथे असंख्य इमारती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. पूर्ण इमारतीचं घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटची मालकी देणारा दस्त) असतं. विक्रेत्याकडे बिल्डरबरोबरचा करारनामाच आहे आणि डीड कधी झालंच नाही, असं वारंवार निघतं. मग बिल्डरला पुन्हा सहीसाठी आणावं लागतं, आणि १२ वर्षांनी तो सापडेलच असं नाही. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे होणं) झालं आहे का ते बघायचं. सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘डोनेशन’ म्हणून वर मागत असतील तर तेही वकिलाला सांगा.

माणूस कसा निवडायचा? जाहिरात बघून नाही. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे ‘पुण्यातले सर्वोत्तम दहा वकील’ छाप याद्यांना काही किंमत देऊ नका. त्याच परिसरात गेल्या वर्ष-दोन वर्षांत फ्लॅट घेतलेल्या लोकांना विचारा, आणि प्रश्न ‘वकील चांगले आहेत का’ असा नको. ‘त्यांनी तुम्हाला काय अडचण दाखवली?’ असा विचारा. ज्याने कुणालाच कधी काही अडचण दाखवली नाही, त्याने बहुधा नीट पाहिलेलं नाही. दोन-तीन नावं मिळाली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडचा सनद क्रमांक मागा. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक आणि एजंट स्वतःला सर्रास ‘लीगलवाले’ म्हणवतात. दस्त टाइप करण्यात ते तरबेज असतात, पण टायटलवर मत देणं हे त्यांचं काम नाही.

त्यानंतर नावं-गावं झाकून एखादा जुना सर्च रिपोर्ट दाखवायला सांगा. माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही. एक पानभर मजकूर आणि खाली ‘टायटल क्लियर अँड मार्केटेबल’ असा शिक्का, हा अहवाल नव्हे. त्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन, कुठले कागद मूळ पाहिले आणि कुठल्यांच्या फक्त झेरॉक्स पाहिल्या, मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली त्याचा तारीखवार प्रवास, फेरफार क्रमांक, कुठल्या कार्यालयांत कुठल्या वर्षांचा शोध घेतला आणि त्या शोधशुल्काच्या चलनांचे क्रमांक, हे सगळं हवं. बँकेकडे मूळ कागद ठेवून केलेलं गहाण दस्त म्हणून नोंदलेलं नसू शकतं, म्हणून त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (अशा गहाणाची निबंधक कार्यालयाला दिलेली सूचना) आणि सरसाई या केंद्रीय नोंदवहीतला शोधही हवा. हा दुसरा शोध अनेकजण गाळतात. सर्च क्लार्कने केला तरी हरकत नाही, तशीच पद्धत आहे. अहवाल वाचून सही कोण करतो आणि तुमच्या प्रश्नांना उत्तरं कोण देतो, ते आधी ठरवून घ्या.

फी किमतीच्या टक्क्यात ठरवू नका आणि व्यवहार झाला तरच द्यायची असंही करू नका. तसं केलं तर तुमच्या वकिलालाही व्यवहार घडवण्यातच रस उरतो. सर्च आणि अहवाल, जाहीर नोटीस (हरकती मागवणारी, वर्तमानपत्रातली), मसुदा, नोंदणीच्या दिवशीची हजेरी, असे चार आकडे वेगळे लिहून घ्या. त्यामुळे अहवाल वाईट आला तर पहिला आकडा देऊन तुम्ही थांबू शकता. एजंटच्या ‘सगळं मिळून’ रकमेत नेमकी ही सोय नसते. जाहीर नोटिशीला साधारण १४ दिवसांची मुदत देतात. ती वाचवण्याचा मोह होतो, पण नातेवाईकांचा हक्क किंवा हरवलेला मूळ करारनामा याची कुणकुण तिथेच लागते.

सरकारी रक्कम कुणाच्याही हातात रोख देऊ नका. तुमच्या ठिकाणी मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७० लाखांवर ४ लाख ९० हजार, आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर लागतं. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. ग्रास या सरकारी पोर्टलवर चलन खरेदीदाराच्या नावाने स्वतः भरा आणि चलनावरचा जीआरएन क्रमांक जपून ठेवा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का, म्हणजे ७०,००० रुपये टीडीएस कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरण्याची जबाबदारीही तुमची आहे. कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच जास्त असते. हे वकिलाने स्वतःहून विचारायला हवं.

विक्रेत्याच्या वतीने कुलमुखत्यार सही करणार असेल तर जास्त सावध राहा. केवळ नोटरीसमोर केलेल्या इथल्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, दुय्यम निबंधकासमोर झालेलं मागा. परदेशात केलेलं असेल तर महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागलेला हवा. विक्रेत्याला घर वडिलांच्या पश्चात मिळालं असेल तर ‘नॉमिनी आहे’ एवढं पुरत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, लग्न झालेल्या बहिणींसकट.

विक्रेत्याचं कर्ज बाकी असेल तर त्याच्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी आधी घ्या, आणि तुमच्या बँकेचा धनादेश थेट त्या बँकेच्या कर्ज खात्यावर काढून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई. तोपर्यंत विक्रेत्याचा शेवटचा हप्ता रोखून ठेवण्याची तरतूद करारात वकिलाकडून घालून घ्या.

एक जोड, कारण पुण्यातले अनेकजण गोव्यातही घर बघतात: तिथे पुण्याचा वकील नेऊ नका. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरली जाते, त्यामुळे कागदावर नाव नसलं तरी जोडीदाराची सही लागते, आणि वारसांचं वाटप ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रियेतून झालेलं असावं लागतं. सातबारा वाचणाऱ्याला तिथला फॉर्म १ आणि १४ सरावाचा नसतो.

नोंदणी झाल्यावर वकिलाकडून मूळ दस्त, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मागच्या सर्व करारनाम्यांची साखळी, सर्च रिपोर्ट आणि चलनं यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्या. कर्ज असल्यामुळे मूळ कागद बँकेत जातील. ते देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा आणि बँकेकडून मिळालेल्या यादीशी ताडून बघा. मिळकतकर आणि वीजबिलावरचं नाव बदलायचे अर्ज त्याच आठवड्यात टाका.