खरं रडू आणि उत्सवी नाटक

प्रश्न : गावच्या जत्रोत्सवासाठी नाटक बसवतोय. मुलगा गेल्याची बातमी येते त्या प्रवेशात आईचं काम करणारी कलाकार तालमीत खरोखर रडते. आम्ही सगळे गलबलतो, पण मागे बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. खरं रडणं हाच खरा अभिनय ना? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. खरं रडू आलं की गळा आवळतो, श्वास वर चढतो आणि वाक्याचं शेपूट गिळलं जातं. मराठीत सगळा भार त्या शेपटावर असतो. ‘तो परत येणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं, तर मागच्या रांगेला ‘तो परत येणार’ ऐकू येतं!

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन्ही मार्ग सांगितलेत. पहिला जगण्यातल्या वागण्याजवळचा, दुसरा रंगमंचाच्या संकेतांचा. जनान्तिक घ्या : पात्र हाताचा आडोसा करून बोलतं, शेजारच्या पात्राला ते ऐकू येत नाही आणि अख्ख्या मांडवाला येतं. हे कुणालाही खोटं वाटत नाही. रडण्यालाही असाच आकार द्यावा लागतो.

हा प्रवेश आधी मुका करा. तिच्या हातात मुलाचा सदरा द्या, घडी घालू दे. बातमी दुसऱ्या घडीच्या मध्यावर यावी आणि हात तिथेच थांबावेत. पुष्कळसं काम तो थांबलेला हातच करतो. मग बसून नुसते शब्द म्हणून घ्या, भावनेशिवाय. त्यानंतर दोन्ही एकत्र. हुंदका दोन वाक्यांच्या मध्ये घ्यायचा, वाक्यात नाही; हुंदक्यानंतर श्वास पूर्ण सोडून नवा घ्यायचा, मगच बोलायचं. मान खाली गेली की आवाज जमिनीत जातो, म्हणून हनुवटी किंचित वर.

एकाला संहिता देऊन शेवटच्या रांगेत बसवा. न ऐकू आलेल्या शब्दांखाली त्याने रेघ मारावी. मांडवात खाज्याच्या दुकानांचा आणि जनरेटरचा आवाज असतोच. तेव्हा टांगलेला माईक वाढवू नका, शिट्टी मारतो आणि पावलंही वाजतात. त्यापेक्षा वाक्यं तोडून सावकाश म्हणा.

आणि तिला स्वतःच्या घरातलं ताजं दुःख मुळीच आठवायला लावू नका. माणसाला ते सोसत नाही, आणि ते हुकमी येतही नाही : आज आलं, उद्याच्या प्रयोगाला येईलच असं नाही. सदऱ्याची घडी मात्र रोज येते.

हेच नाटक पुढे फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात केलंत, तर बंद सभागृहात हेच विराम लांबलेले वाटतील. तिथे ते आखडा आणि आवाज खाली आणा.