गायरानावर सोलर प्रकल्प येतोय, गावाने हरकत घ्यावी का?

सरसकट हरकत घेऊ नका, पण मोजणीच्या आधी ग्रामसभा लावा. आम्ही ती उशिरा लावली, म्हणून सांगतोय.

सरकारी जमीन अशी देता येते का, असं तुम्ही विचारलंय. येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये (२०२३) अशा जमिनी नाममात्र भाड्याने ३० वर्षांसाठी देतात. शेतकऱ्याने स्वतःची जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि वर ३ टक्के वाढ. गायरानाचं तसं भाडं येत नाही; ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. उरलेल्या २७ वर्षांचं काय, हे आमच्याकडे कुणी विचारलंच नाही.

फायदा होतो, पण तो पंपवाल्यांना. वीज सबस्टेशनमधून शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांच्या वेगळ्या लाईनवर जाते. (घरचं लाईट बिल शून्य होणार ही नुसती आवई. पारावर ऐकाल, सोडून द्या.) पूर्वी जानेवारीत गव्हाला पाणी द्यायला रात्री दोनला उठायचो, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. बिबट्याच्या भीतीने चुलतभाऊ सोबत यायचा. आता सकाळी नऊला चहा पिऊन मोटर चालू करतो. हे सुख छोटं नाही.

पण ज्यांना विहीरच नाही, त्यांच्या शेळ्या त्याच गायरानावर चरायच्या. आमच्याकडे ३ मेगावॉटला १४ एकर गेलं. तारेचं कुंपण पडलं आणि ओढ्यावर जायची वाट आत अडकली. आता शेळ्या बांधाबांधाने वळसा घालून पाण्यावर जातात आणि रोज कुणाशी तरी भांडण होतं. मोजणीच्या दिवशी दहा फूट सोडा म्हटलं असतं तर ठेकेदाराने ऐकलं असतं. कुंपण झाल्यावर तो फोनच उचलेना.

म्हणून नकाशा मागून घ्या. त्यावर वाट, पाणवठा, स्मशानभूमी स्वतः दाखवा. भूमिहीन कुणी तिथे कसत असेल तर तलाठ्याकडे त्याची १-ई ला (अतिक्रमणांच्या नोंदवहीत) नोंद आहे का बघा. दुसरी पडीक जमीन होती का, हेही लेखी विचारा. गायरान सार्वजनिक कामालाच आणि दुसरी जागा नसेल तरच द्यावं, असं जुलै २०११ चा शासन निर्णय सांगतो.

आणि त्या ५ लाखांचं काय करायचं ते आधीच ठरावात लिहून घ्या. आमचा पहिला हप्ता वेशीवरच्या कमानीत गेला.