फुकटच्या गेमचा कडता

“मॅडम, पोरानं गेमवर 23,000 घालवले. सरकारनं बंदी घातली म्हणत्यात ना गेमवर? मग ह्यो चालू कसा? आणि ह्याला कुठं केंद्रात ठेवावं लागंल का?”

वडील बोलत होते. आई शेजारी बसून पदराच्या टोकाशी चाळा करत होती आणि नववीतला मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याला आपण सोहम म्हणू. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, आणि हे लिहायला तिघांनीही होकार दिलाय. कुटुंब कोपरखैरण्याचं, मूळ साताऱ्याकडचं. वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी, आई घरी चपात्या करून देते. दर महिन्याला एखाद-दुसरं घर हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतं, म्हणून एका घराची गोष्ट नीट सांगते.

आधी बंदीचं. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं जो कायदा केला, त्यानं पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट वगैरे. सोहम खेळत होता तो बंदुकांचा गेम त्यात येत नाही. तो डाउनलोड करायला फुकट आहे, आणि त्यात पैसे घातले तर रोख काही परत मिळायचा प्रश्नच नाही. मिळतो तो खेळाडूचा पोशाख, बंदुकीचा रंग, पॅराशूटची नक्षी. “म्हणजे बंदी न्हायच?” वडील म्हणाले, आणि खुर्चीत जरा खाली सरकले. बंदी आहे म्हणजे कुणीतरी वरून बघतंय, असा त्यांना आधार वाटत होता.

मग व्यसनमुक्ती केंद्राचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार 1 जानेवारी 2022पासून लागू झाला आहे. पण तिथेही नुसतं खूप खेळणं म्हणजे विकार नव्हे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. सोहम शाळेत जात होता, संध्याकाळी क्रिकेट खेळत होता, साडेदहाला झोपत होता. गणितात मार्क कमी होते, पण ते गेमच्या आधीपासूनच कमी होते. ज्यांच्या घरात ती लक्षणं खरोखर दिसतात, त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर जरूर फोन करावा. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. इथे मात्र प्रश्न पैशांचा होता. आणि लपवण्याचा.

माझी सुरुवात चुकली. मी त्याला विचारलं, “दिवसाला किती तास खेळतोस?” तो म्हणाला, “दोन,” आणि पुन्हा कॅलेंडर. हा प्रश्न त्याला घरात रोज विचारला जात होता आणि त्याचं उत्तर घासून गुळगुळीत झालं होतं. दहा मिनिटांनी मी विचारलं, “शेवटचं काय घेतलंस? दाखव ना मला.” तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

पण ते दाखवायच्या आधी कागदांचं सांगते. पालकांना मी फोनवरच सांगून ठेवते की येताना बँकेचं स्टेटमेंट छापून आणा. मोबाईलवर वाचून दाखवू नका, कागदावर आणा. सात महिन्यांचे कागद टेबलावर पसरले. आईचं खातं, चपात्यांचे पैसे जमा होतात ते. सोहमच्या हातात मी पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुझ्या नोंदींवर खुणा कर. 29, 89, 89, 179, 29, 449. कधी एका संध्याकाळी तीन, कधी आठवडाभर काहीच नाही. खुणा करता करता त्याचा हात मंदावला. सगळ्या मिळून 112 निघाल्या. मी विचारलं, “एकूण किती रुपये गेले असं तुला वाटलं होतं?” तो म्हणाला, “सहा-सात हजार.” खोटं बोलत नव्हता. त्यानं कधी बेरीजच केली नव्हती. 89 रुपये हे त्याच्या लेखी एका वडापाव-कोल्ड्रिंकच्या पार्टीएवढे होते, आणि त्याच्या पुढच्या 89ना मागच्या 89ची आठवण नव्हती.

पिन त्याला माहीत होता, कारण पाचवीपासून आईचा रिचार्ज, गॅसचं बुकिंग, लाइट बिल तोच भरायचा. अनेक घरांत असंच आहे. घरातला सगळा ऑनलाइन कारभार तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात असतो, आणि त्याबद्दल पाहुण्यांपुढे कौतुकही होतं. बँकेचे मेसेज तो पुसून टाकायचा. भिशीचा हप्ता भरायला पैसे कमी पडले तेव्हा आईनं बँकेत जाऊन विचारलं.

आता गेम. त्यानं मोबाईल टेबलावर आडवा धरला. मी मुद्दाम खुर्ची मागे घेतली आणि वडिलांना पुढे बसायला सांगितलं. ते आधी नको म्हणत होते, “आपल्याला त्यातलं काय कळतंय.” सोहमनं एक पोशाख दाखवला. किंमत 400 नाणी. नाणी रुपयांनी घ्यायची, पण 400चा गठ्ठा मिळतच नाही. 300चा आहे, नाहीतर एकदम 700चा.

“मग 700 घेतल्यावर उरलेल्या 300चं?”

“पडून राहतात.”

“त्यात काय येत न्हाय?”

“त्यात चांगलं असं काय येत नाही. शंभर अजून पाहिजेत.”

“मग शंभर कुठनं आणायचे?”

“पुन्हा 300चा गठ्ठा.”

वडील थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो कडता हाय.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बाजारात शेतकऱ्याच्या मालात माती आहे, ओल आहे, नासका माल आहे असं म्हणून दर गोणीमागे थोडं वजन कापायची रीत होती, त्याला कडता म्हणतात. एका गोणीत ते डोळ्यांत येत नाही. वडिलांनी आयुष्य त्या गोण्यांखाली काढलंय. पोराला त्यांनी पाच मिनिटं कडता समजावून सांगितला, आणि पोरगा ऐकत होता. सात महिन्यांत त्या घरात गेमवरून जेवढं बोलणं झालं, त्यात आरडाओरडा नसलेलं हे पहिलंच, असं आई नंतर म्हणाली.

पुढे वडीलच विचारत गेले. क्रेट म्हणजे काय? बंद पेटी. पैसे भरून उघडायची, आत काय निघेल ते नशीब. मी इथे एक माहिती घातली. बेल्जियमनं 2018मध्ये अशा पैशांच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. ॲपलनं डिसेंबर 2017पासून ॲपस्टोअरच्या नियमातच घातलं की कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, ते खरेदीआधी दाखवावं लागेल. सोहमला ते पान कुठे असतं ते ठाऊक होतं. उघडून त्यानं वाचलं, हव्या असलेल्या बंदुकीपुढे शंभरात एकसुद्धा नव्हतं. “एवढं कमी?” तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं ते पान आधी कधी उघडलंच नव्हतं.

आणि अपडेट? “महिना-दोन महिन्यांनी येतो,” सोहम म्हणाला, “नवीन सीझन, नवीन पास. जुना पास बंद होतो.” पास म्हणजे त्या सीझनपुरतं विकतचं तिकीट. वडील म्हणाले, “म्हंजी गाळ्यावर नवा माल लागला. आणि जुना इकायला काढायची सोय न्हाय.” अगदी बरोबर. फुकट गेमचं दुकान याच्यावर चालतं. म्हणून मी पालकांना उलटंच सांगते: चार-पाच हजारांचा विकतचा गेम बघून घाबरता, पण त्याची किंमत निदान पाकिटावर लिहिलेली असते. माइनक्राफ्ट 2011 साली पूर्ण स्वरूपात आला, तो एकदा घेतला की पुढचे मुख्य अपडेट त्यातच येत राहिले. सगळे विकतचे गेम इतके सरळ नसतात, त्यांतही आता दुकानं उघडलीत, पण फुकट या शब्दाला जास्त जपायला हवं.

एक राहिलं होतं. हे सगळं कळूनही मूल पैसे का भरतं? मी विचारलं, “हा पोशाख घातला नाही तर काय होतं?” बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “बॉट म्हणतात.” म्हणजे संगणकानं चालवलेला, खरा माणूस नसलेला खेळाडू. बिल्डिंगमधली चार मुलं एकत्र खेळायची, साध्या कपड्यातल्याला टीममध्ये घ्यायची नाहीत, घेतलं तर माइकवर हसायची. सोहम वर्षापूर्वीच त्या बिल्डिंगमध्ये राहायला आला होता.

माझा अंदाज होता की वडील आता ‘असले मित्र सोड’ म्हणतील. ते म्हणाले, “टोळीत नवा माणूस आला की आमच्यात बी आठ-आठ दिवस त्याला कोण चहाला इचारत न्हाय.” आणि गप्प बसले. मला यात भर घालावीशी वाटली नाही.

पालकांना एवढंच सांगते की तुमचं मूल एकटंच कच्चं निघालेलं नाही. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सनं डिसेंबर 2022मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना 24.5 कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं मान्य केलं. बटणांची रचना अशी होती की लोकांकडून नको ती खरेदी होत होती, असा आरोप होता. आपल्याकडे नोव्हेंबर 2023मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या रचनांचे 13 प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. मोठमोठे लोक पगार घेऊन ही बटणं घडवतात. त्यांच्यासमोर चौदा वर्षांचा मुलगा एकटा बसलेला असतो.

व्यवहाराची कामं भराभर झाली. पिन बदलला. प्लेस्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापले जायची सोय, तपासलं, एका पासचं चालू निघालं, बंद केलं. गुगल प्लेवर खरेदीनंतर 48 तासांत परतावा मागता येतो, नंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. इथे महिने उलटले होते, काही हाती लागलं नाही. सोहमनं गेम काढून टाकतो म्हटलं. मी नको म्हटलं, वडीलही नको म्हणाले. ठरलं ते असं: महिन्याला 150 रुपये, घ्यायचं ते एकदाच, आणि आधी पप्पांना दाखवून.

आईनं या सगळ्यात एक शब्द काढला नव्हता. पैसे तिचे होते. दिवसाला शे-दीडशे चपात्या, उन्हाळ्यात गॅसपुढे. शेवटी मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “गेम-बिम ऱ्हाऊ द्या ताई. मेसेज पुसत होता, ते मला लागलंय.” सोहम सॉरी म्हणाला. तिनं मान हलवली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. मी घाई केली नाही. वडिलांचं आणि त्याचं एका दुपारी जुळलं, तिचं तसं जुळणार नव्हतं, आणि तिला तो हक्क होता.

तीन महिन्यांनी ती एकटी आली, चपात्यांचं नवं गिऱ्हाईक जवळच होतं म्हणून डोकावली. मी सोहमचं विचारलं. म्हणाली, नवा सीझन आलाय, बापलेक पास घ्यायचा का नाही यावर भांडतात, मुकादमाशी भांडावं तसं. आणि लाइट बिल? ते पुन्हा सोहमच भरतो का? “भरतो की. शेजारी बसतो, कुठं दाबायचं ते सांगतो.” तिनं हातातला मोबाईल छातीशी धरून वळवून दाखवला. “पिनच्या टायमाला मी अशी फिरते. तो बी तोंड तिकडं करतो, न सांगता.”