वाचक विचारतात : मत कुजवायचं म्हणजे काय?

प्रश्न : भंडाऱ्याच्या 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांनी ‘मतं कुजवायला’ नकार दिला, असं घरी ऐकत आलो. माणशी एकच मत, ते कुजवणार कसं? – एक वाचक, लाखनी

उत्तर : मत एक नव्हतं, दोन होती. तेव्हा भंडारा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक खासदार खुल्या जागेवर, एक राखीव. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. साकोलीकडच्या माझ्या आजीने एक मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकली, दुसरी झोपडीच्या. हत्ती बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा, झोपडी प्रजा समाजवादी पक्षाची, म्हणजे अशोक मेहतांची. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही दोन चित्रं ती शेवटपर्यंत विसरली नाही.

आता मोजणी. राखीव उमेदवारांपैकी सर्वाधिक मतांचा आधी निवडून यायचा. मग उरलेल्या सगळ्यांत, हरलेले राखीव उमेदवार धरून, ज्याची मतं जास्त त्याला खुली जागा. म्हणजे राखीव जागा हुकली तरी बाबासाहेबांना खुल्या जागेची वाट होती, आणि त्या वाटेवर मेहताच उभे होते. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरं मत मेहतांना न देता वाया घालवायचं, हेच कुजवणं. कार्यकर्त्यांचा आग्रह तोच होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही.

का मानला नाही? मला यामागे मुंबईची 1952 ची निवडणूक दिसते. तिथेही मेहता त्यांचे जोडीदार होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब 14,561 मतांनी हरले आणि 74 हजारांवर मतं बाद झाली. मतं कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला होता. ज्या गोष्टीविरुद्ध आपण दाद मागितली, तीच भंडाऱ्यात आपल्या माणसांना करायला कोणत्या तोंडानं सांगायची? आणि तीही त्याच जोडीदाराच्या विरुद्ध?

मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडे गेली. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी मागे पडले. आजीची झोपडीतली मतपत्रिका दिल्लीला पोचली, हत्तीतली राहिली. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही, एवढंच ती सांगायची.

1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ गेले. त्यामुळे ‘माणशी एकच मत’ हे तुमचं म्हणणं आजच्यापुरतं बरोबर आहे.