वाचकांचे प्रश्न : शीत आघाडी आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचे वारे

प्रश्न : समशीतोष्ण प्रदेशांत उन्हाळा लागल्यावरही मध्येच एखादे दिवशी सोसाट्याचा वारा सुटतो आणि तासाभरात गारठा पडतो. ऋतू पुढे सरकलेला असताना ही थंडी येते कुठून?

उत्तर : ती ध्रुवाकडून येते. साधारण ३५ ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांची बाराही महिने रेटारेटी चाललेली असते. थंड हवा जिथे उबदार हवेला हटवून पुढे सरकते, त्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. नकाशावर ती निळ्या रेषेने दाखवतात आणि रेषेवरच्या त्रिकोणांची टोके ज्या दिशेला असतील त्या दिशेला ती सरकत असते. थंड हवा जड असल्यामुळे जमिनीलगत पाचरीसारखी उबदार हवेच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. या पाचरीचा उतार साधारण पन्नासास एक ते शंभरास एक इतका असतो, म्हणजे आघाडीच्या मागे ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर थंड हवेची जाडी जेमतेम एक किलोमीटर भरते. उष्ण आघाडीचा, म्हणजे उबदार हवा थंड हवेला हटवून पुढे सरकते त्या सीमेचा, उतार याहून बराच मंद असल्याने तिचा पाऊस तासन्‌तास रेंगाळतो. शीत आघाडीचा पावसाचा पट्टा मात्र अरुंद असतो आणि पुष्कळदा लवकर आटोपतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा खेळ अधिक ठळक दिसतो, कारण तोवर जमीन भराभर तापलेली असते, पण समुद्र हिवाळ्याच्या थंडीतून पुरता बाहेर आलेला नसतो आणि उंचावरचा वेगवान जेट प्रवाहही ध्रुवाकडे पुरेसा मागे हटलेला नसतो. जवळजवळच्या दोन हवांच्या तापमानात जितकी तफावत, तितकी आघाडी जोरकस.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरचा ‘सदर्ली बस्टर’ हा दक्षिणेकडून अचानक येणारा थंड वारा हे याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण म्हणता येईल. ऑक्टोबर ते मार्च या काळात, म्हणजे तिथल्या वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत, सिडनीवर वायव्येकडून खंडाच्या अंतर्भागातली तापलेली कोरडी हवा येत असते. मग वारा एकाएकी दक्षिणेचा होतो आणि तापमान काही मिनिटांत १० ते १५ अंशांनी उतरू शकते. मागून येणाऱ्या थंड हवेचा थर उथळ असल्यामुळे तिला ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही किनाऱ्यालगतची डोंगररांग सहज ओलांडता येत नाही. ती डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीतून किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे धावते.

प्रश्न : अंदाजात वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर सांगितला होता, तरीही झाडे कोसळली. अंदाज चुकला असे समजायचे का?

उत्तर : बहुधा नाही. अंदाजातला वेग हा सरासरी असतो. आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार तो मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर, दहा मिनिटांची सरासरी घेऊन मोजतात. झोताचा, म्हणजे मध्येच क्षणभर उसळणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, वेग मात्र तीन सेकंदांच्या सरासरीने धरतात. जमिनीवर झोत सरासरीच्या दीडपट असणे हे नित्याचेच आहे आणि आघाडी ओलांडून गेल्यावर तो दुपटीजवळही जातो. त्यातच वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ४० च्या जागी ८० चा झोत आला तर झाडावरचा भार दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय पानगळीची झाडे या दिवसांत नव्या पालवीने भरलेली असतात. हिवाळ्यात ज्या वाऱ्याला निष्पर्ण फांद्यांनी दाद दिली नसती, तोच वारा आता शिडात भरावा तसा पानोऱ्यात भरतो, आणि नुकत्याच झालेल्या पावसाने मुळांलगतची माती सैल झाली असेल तर झाड उन्मळून पडायला वेळ लागत नाही.

झोत उठतात कसे, हेही पाहण्यासारखे आहे. आघाडीमागची थंड हवा उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वाहू लागली की तळाची हवा तापून वर चढते आणि तिच्या जागी वरच्या थरातली हवा खाली येते. जमिनीच्या घर्षणापासून दूर असलेली ही वरची हवा मुळातच वेगवान असते आणि तो वेग घेऊनच ती खाली उतरते. म्हणूनच आघाडी निघून जाऊन आकाश निवळले तरी दुपारभर वारा धसमुसळेपणा करतो आणि सूर्यास्तानंतर बहुतेक वेळा तो नरमतो. आमच्या मते सरासरी वेगाच्या आकड्यापेक्षा झोताचा आकडा आधी पाहावा. तो निराळा दिला नसेल तर दीडपट धरून चालावे.

प्रश्न : आघाडी जवळ आली हे कसे ओळखावे आणि धोका नेमका केव्हा असतो?

उत्तर : आघाडीपूर्वी हवेचा दाब घसरत जातो आणि ती सरकताच चढू लागतो, दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) सहसा खाली येतो. पण सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वाऱ्याची दिशा. उत्तर गोलार्धात वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे, तर दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैर्ऋत्येकडे फिरतो. पाऊस पडेलच असे नाही. उबदार हवा कोरडी असेल तर आघाडी नुसती धूळ उडवून जाते.

दिशा बदलण्याची वेळच अधिक घातक असते. पेटलेल्या रानात वणव्याची लांबट बाजू त्या एका क्षणात त्याची सर्वांत पुढची फळी होऊन बसते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी शीत आघाडीमुळे वारा फिरल्यावर हेच घडले. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. छोट्या होडीतून गेलेल्यांनाही जुन्या लाटांवर नव्या दिशेच्या लाटा आडव्या येऊन हाच बदल भोवतो. त्यामुळे दिवसाच्या कमाल तापमानावरून बेत आखू नये. तो आकडा सकाळी दहालाच गाठला गेलेला असू शकतो आणि दुपारी त्याचा मागमूसही उरत नाही.

प्रश्न : गार वारा असलेल्या दिवशी उन्हाची काळजी घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी. अतिनील किरणांची तीव्रता हवेच्या तापमानावर ठरत नाही; ती सूर्याच्या उंचीवर, ढगांवर आणि ओझोनवर ठरते, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य वर्षातल्या सर्वाधिक उंचीच्या जवळ पोहोचलेला असतो. आघाडीमागची हवा पुष्कळदा निरभ्र असते. गार वाऱ्यामुळे त्वचा भाजते आहे हे जाणवत नाही, एवढेच. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्या दिवशीही घालावा.