फक्त पिक्चर बघायला पीसी करायचाय तर आय५ आणि ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

म्हणजे तुमच्याकडे ५५ इंची ४के टीव्ही आहे, हार्ड डिस्कवर ब्लू-रेच्या मोठ्या फाइल्स, जुन्या नाटकांच्या व्हीसीडी आणि लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेले व्हिडिओ आहेत, आणि हे सगळं बघायला दुकानदाराने कोटेशन दिलंय आय५-१२४००एफ, जीटी ७१० कार्ड आणि १६ जीबी रॅमचं.

नका घेऊ. त्या नावातला शेवटचा एफ बघा, एफ म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही, म्हणून तो वरून कार्ड लावतोय, आणि कार्ड लावलंय ते जीटी ७१०, ज्याच्यावर एचडीएमआयची जुनी १.४ आवृत्ती आहे म्हणजे ४के ला जास्तीत जास्त ३० हर्ट्झ, एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवणारं चित्र) नाही, आणि एचईव्हीसी (४के सिनेमे दाबून साठवायचा फॉरमॅट) डीकोड करायची, म्हणजे उलगडून दाखवायची, सोय त्या चिपमध्ये नाहीच. तुमच्या ४के ब्लू-रेच्या फाइल्स सगळ्या एचईव्हीसीच असणार. मग सगळा भार प्रोसेसरवर, तो आय५ आहे दणकट, ओढेल कसाबसा, पण पंखा असा घोंगावणार की शांत सीन आला की पिक्चरपेक्षा डबाच जास्त ऐकू येईल. तोच १२४०० एफशिवायचा घेतला असता तर कार्ड न लावताही सगळं गुपचूप चाललं असतं, म्हणजे पैसे वाचवायला एफ घेतला आणि ते पैसे बिनकामाच्या कार्डात घातले!

व्हिडिओ चालवायला प्रोसेसरची ताकद लागत नाही हो, चिपमध्ये डीकोडिंगचा एक वेगळा छोटा भाग असतो, सगळं काम तो करतो, त्याला तो फॉरमॅट येतो का एवढंच बघायचं. इंटेलमध्ये १० बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट यायला लागलं, सहाव्या पिढीत फक्त ८ बिटचं धड होतं आणि ४के एचडीआर सगळं १० बिट असतं, त्यामुळे सेकंडहँड घेताना सहावी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. एव्ही१ हा यूट्यूबवर चालणारा नवा फॉरमॅट अकराव्या पिढीपासून. एएमडीत रायझन २२००जी पासून एचईव्हीसी येतं, पण ५६००जी सारख्या चिप्सना एव्ही१ येत नाही, तुमच्या फाइल्सना त्याने काही फरक पडत नाही, यूट्यूब खूप बघणार असाल तर पडेल.

घ्यायचं काय मग? इंटेल एन१०० वाला मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, झालं काम. २०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप आहे, ६ वॅटची, चारच कोअर, गेमिंगवाले हसतील, पण एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ (हाही यूट्यूबवरचाच फॉरमॅट), एव्ही१ तिन्ही हार्डवेअरमध्ये. आमच्या हॉलमध्ये असाच डबा टीव्हीच्या मागे स्क्रूने लावलाय, बाबा त्यावर रोज नाटकं लावतात आणि मागे पीसी आहे हे पाहुण्यांना सांगावं लागतं. रॅमचे भाव वरखाली होत असतात, त्यामुळे आकडा सांगत नाही, पण तुमच्या त्या कोटेशनपेक्षा बराच खाली बसेल.

दुसरा रस्ता म्हणजे ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी वगैरे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिफर्बिश्डवाल्यांकडे मिळतात. आठवी पिढी किंवा पुढची बघून घ्या. यात गोम अशी की मागे बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतो, आणि एचडीएमआय असला तरी त्या काळातल्या बोर्डांवर तो पुष्कळदा १.४ निघतो. मग डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० ला जाणारा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो, रस्त्यावरचा दीडशेवाला साधा अ‍ॅडाप्टर ४के ६० देत नाही. एचडीआर पाहिजे असेल तर त्या अ‍ॅडाप्टरवर तसं लिहिलंय का ते बघून मगच घ्या. एवढी खटपट करायची नसेल तर एन१००च बरा, फक्त बॉक्सवर ४के च्या पुढे ६० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा.

दुकानात जाताना स्वतःची सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर न्या, आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या नाहीतर फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. फाइल लावा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा, तिथे व्हिडिओ डीकोड नावाचा आलेख दिसेल. तो वर चढला आणि सीपीयू पाच-दहा टक्क्यांवर निवांत बसला तर पास. डीकोडचा आलेख सपाट आणि सीपीयू नव्वदला टेकलाय तर एक तर चिपला जमत नाहीये किंवा ड्रायव्हर टाकलेला नाही. घरी कोडी (फुकटचा मीडिया प्लेअर) वापरत असाल तर पिक्चर चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा, वर डीकोडरचं नाव येतं आणि हार्डवेअर डीकोडिंग असेल तर त्यापुढे कंसात एचडब्ल्यू दिसतं.

आता सेटिंग्ज, कारण बरेच लोक मशीन बरोबर घेतात आणि मग म्हणतात पिक्चर अडखळतोय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, विंडोज ६० हर्ट्झवर, चोविसाने साठला पूर्ण भाग जात नाही, मग एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात आणि कॅमेरा आडवा फिरला की झटके दिसतात. कोडीत प्लेअरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट ऑन करा, मग २४ च्या फाइलला टीव्ही २४ वर जातो आणि तुमच्या नाटकांना ५० वर. ऑन केल्यावर सुरुवातीला दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी होते, घाबरू नका. टीव्हीतही त्या एचडीएमआय पोर्टसाठी डीप कलर किंवा एन्हान्स्ड असं काहीतरी सेटिंग असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते ऑन केल्याशिवाय बऱ्याचदा एचडीआर लागत नाही.

व्हीसीडीबद्दल फार आशा ठेवू नका. ३५२ बाय २८८ म्हणजे लाखभर ठिपके, आणि तुमच्या टीव्हीवर आहेत ८३ लाख, उरलेले सगळे अंदाजाने भरायचे, त्यामुळे कुठलंही मशीन घेतलंत तरी ते मऊच दिसणार. लग्नाच्या कॅसेटचं मात्र वेगळं आहे, ते इंटरलेस्ड असतं, म्हणजे चित्राच्या आडव्या ओळी एकाआड एक अशा दोन भागांत साठवलेल्या, त्यामुळे हार घालताना हात हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, पुष्कळ स्टुडिओवाले तसंच एमपी४ करून देतात आणि मग प्लेअरलाही कळत नाही की हे इंटरलेस्ड आहे. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस ऑटोवरून काढून ऑन करा, दाते गेले पाहिजेत. कार्ड घेण्यात अर्थ आहे तो फक्त तुम्हाला मॅडव्हीआर हे चित्र सुधारणारं सॉफ्टवेअर लावून अपस्केलिंगचा, म्हणजे छोटं चित्र मोठं करून चांगलं दाखवायचा, नाद करायचा असेल तर, पण तो नाद एकदा लागला की खिशाला परवडत नाही.

साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर टीव्हीवर एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयने साउंडबारला पाठवायची सोय) आहे की त्याचं नवं रूप ईएआरसी ते बघा. साध्या एआरसीतून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे ब्लू-रेवरचे भारी आवाजाचे फॉरमॅट पूर्ण जात नाहीत, ऑप्टिकलमधूनही नाही. रिसीव्हर असेल तर पीसी थेट त्याच्यातच लावा, भानगडच नको. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर हा परिच्छेद विसरा.

ओटीटीसाठी मात्र हा पीसी धरू नका. नेटफ्लिक्स ४के विंडोजवर सगळ्या ब्राउझरमध्ये येत नाही, लिनक्सवर येतच नाही, डॉल्बी व्हिजनची (एचडीआरचाच एक प्रकार) तर अजूनच रड. ते टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर बघा, पीसी फक्त हार्ड डिस्कवरच्या मालासाठी. आणि कोणी म्हणेल की मग हार्ड डिस्कसुद्धा टीव्हीलाच लावा की, तर लावून बघा, चाललं तर पीसीचा खर्चच वाचला, पण बऱ्याच टीव्हींना डीटीएसचा आवाज काढता येत नाही आणि व्हीसीडीच्या डॅट फाइल्स उघडत नाहीत. लॅनवरून ओढायचं म्हटलं तर टीव्हीचं पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचं असतं आणि ४के ब्लू-रेचा वेग मधूनमधून त्याच्याही वर जातो, की बफरिंग सुरू.

रिमोटचं राहिलंच. पीसीच्या एचडीएमआयवर सहसा सीईसी (टीव्हीच्या रिमोटने जोडलेलं मशीन चालवायची सोय) नसतं, मग टीव्हीच्या रिमोटने कोडी चालणार नाही. टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्या, नाहीतर फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर मिळतो, त्याला घरातला कुठलाही जुना रिमोट शिकवता येतो. घरात वयस्कर कोणी वापरणार असेल तर रिमोटच घ्या, कीबोर्ड हातात दिला की ती माणसं टीव्हीच लावत नाहीत.

टीव्हीचा मॉडेल नंबर आणि साउंडबार कुठला ते कमेंटमध्ये टाका, कुठल्या पोर्टला काय लावायचं ते सांगतो.